एकास सत्त्याऐंशी

एका जंगलात, म्हणजे जिथे आजतागायत एकही आगगाडी आलेली नाही अशा एका जंगलात, आगगाडीचं वेड लागलेलं एक साळिंदर राहत होतं. मुलांनो, हसू नका. वेड लागायला वस्तू समोर असावी लागते असं थोडंच आहे?

या साळिंदराचं नाव काटेकर. लहानपणी त्यांना वाऱ्याबरोबर उडत आलेलं एक जुनं कॅलेंडर सापडलं होतं. त्यावर घाट चढणाऱ्या गाडीचं चित्र होतं. हिरवं इंजिन, त्यावर पितळी घंटा, वर धुराचा गोळा. ते पाहिलं आणि काटेकर बिघडले.

मोठेपणी त्यांनी बिळातल्या सगळ्यात मोठ्या खोलीत तो घाट जसाच्या तसा उभा केला. भुशाच्या लगद्याचा डोंगर केला. बोगदा केला, नदी केली, फलाट केला. फलाटावर मुंगीएवढाले बावीस उतारू उभे केले आणि ते पडू नयेत म्हणून डिंकाने चिकटवून टाकले. त्या खोलीत पूर्वी काटेकरांच्या पत्नी द्वारकाबाई झोपत. त्या आता स्वयंपाकघरात झोपू लागल्या.

"अहो, तुमचा डोंगर जरा पलीकडे सरकवा की," द्वारकाबाई म्हणायच्या.

"डोंगर असे सरकत नसतात," काटेकर म्हणायचे.

सगळं तयार होतं. फक्त इंजिन नव्हतं. काटेकर रोज सकाळी फलाटाशी वाकून उतारूंकडे पाहायचे आणि त्यांना मनापासून वाईट वाटायचं. लोक सामानसुमान घेऊन उभे आहेत आणि आपण त्यांना गाडी देऊ शकत नाही, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

जंगलात असे वेडे आणखीही होते. त्यांचं एक मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष होते पाठक नावाचं एक वयस्क कासव. पाठकांचा स्वतःचा वेग बेताचा होता, पण गाडी वेळेवर सुटली नाही की ते तळमळत.

मंडळाचा नियम एकच होता. गाडीला 'खेळणं' म्हणायचं नाही. गाडीला गाडी म्हणायचं, घाटाला घाट म्हणायचं. फारच कुणी विचारलं तर 'प्रमाणबद्ध प्रतिकृती' म्हणायचं. ज्याच्या तोंडून 'तो शब्द' निघेल त्याने भर सभेत कान धरून उठाबशा काढायच्या. पाठकांवर ही वेळ आली असती तर पंचाईत होती, कारण त्यांचे कान कुणाला सापडले नसते. पण पाठकांच्या तोंडून तो शब्द निघणं शक्यच नव्हतं.

आता इंजिन काही झाडाला लागत नाही. त्याची चाकं पूर्वेच्या तळ्यातली पाणमांजरं घासत. मोटारीची तार समुद्रापलीकडचे कोळी गुंडाळत. रंग लाखेचे किडे देत. आणि हे सगळं जोडायला चौथ्याच एका जंगलात सुतारपक्षी बसलेले असत. ते जोडून झालं की तराफ्यावर चढायचं आणि नदीने इकडे यायचं.

इंजिनाचं सोडा. मंडळाचे लोक गवतही बाहेरून मागवत! मी खोटं सांगत नाही. दाराबाहेर गुडघाभर गवत, ओलंचिंब शेवाळ, हवी तेवढी झाडं. पण ती प्रमाणात बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जंगलात राहणारे हे लोक समुद्रापलीकडून कृत्रिम गवताची पाकिटं मागवत आणि ती आली की एकमेकांना हुंगायला देत.

असं सगळं छान चाललेलं असताना युद्ध सुरू झालं.

वरच्या रानात वानरं राहत आणि खालच्या रानात माकडं राहत. सीमेवर एक जांभळीचं झाड होतं. त्याची सावली सकाळी खाली पडायची आणि संध्याकाळी वर पडायची. सावली नेमकी कुणाच्या मालकीची, यावरून दोन्ही सैन्यं नदीच्या खिंडीत समोरासमोर उभी ठाकली आणि दगडांचा मारा सुरू झाला. तराफे त्याच खिंडीतून यायचे. ते आता सगळ्या डोंगररांगेला वळसा घालून येऊ लागले. म्हणजे, आले तर येऊ लागले.

पाणमांजरांकडे चाकं पडून राहिली आणि कोळ्यांकडे तार पडून राहिली. मंडळाच्या लोकांचे हाल कुत्रंही खाईना. काटेकर घोरपडीच्या दुकानात गेले.

"डिंक द्या."

"डिंक नाही," घोरपड म्हणाली. "परिस्थिती आहे ना!"

"अहो, डिंक समोरच्या बाभळीचा. त्याला कसली परिस्थिती?"

"बाभळीला काय परिस्थिती नसते होय?" घोरपड म्हणाली आणि तिने पाटी उलटी केली.

अशा त्या दिवसांत एके सकाळी काटेकरांना निरोप आला. त्यांचं इंजिन आलं होतं! डोंगर ओलांडून, दोन वाळवंटं फिरून, एका उंटाच्या पाठीवर सहा महिने विसरलं जाऊन, ते खोकं नदीकाठच्या नाक्यावर येऊन पडलं होतं. काटेकर इतके आनंदले की त्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. द्वारकाबाई चार पावलं मागे सरकल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "आधी जाऊन घेऊन या. नाचायचं ते मग नाचा."

नाक्यावर मगरेसाहेब होते. मगरेसाहेब म्हणजे मगर. स्वभावाने वाईट नव्हते, पण नियमापलीकडे बघायचे नाहीत. खोकं त्यांच्यापुढे होतं, टरबुजाएवढं.

"काय आहे आत?" मगरेसाहेबांनी विचारलं.

"इंजिन," काटेकर अभिमानाने म्हणाले. "घाटाचं. सोबत सहा डबे आणि एक लोखंडी पूल."

मगरेसाहेबांचा जबडा उघडा राहिला. त्यांनी आगगाडी कधी पाहिली नव्हती. ती केवढी असते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एवढंच ऐकलं होतं, की बाहेरच्या जगात सैन्यं तिच्यातून जातात.

"काटेकर, युद्ध चालू आहे. इंजिन म्हणजे युद्धसाहित्य. ते सोडता येत नाही." मग ते जरा खाली वाकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "हां, आता खेळणं असेल तर गोष्ट वेगळी. खेळण्यांना बंदी नाही. खेळणं आहे का?"

काटेकरांनी मान वळवली. मागे पाठकअध्यक्ष उभे होते. ते परवाच निघाले होते, आपल्या मागवलेल्या सिग्नलची चौकशी करायला, आणि नेमके आत्ता पोहोचले होते.

"नाही," काटेकर म्हणाले. "प्रमाणबद्ध प्रतिकृती आहे."

"ते मला कळत नाही. खेळणं आहे की इंजिन आहे?"

"इंजिन आहे."

"शाब्बास!" पाठक मागून पुटपुटले.

"किती ताकदीचं?"

"ताकद नसते हो, प्रमाण असतं. एकास सत्त्याऐंशी."

"म्हणजे?"

"म्हणजे इथलं एक म्हणजे तिथले सत्त्याऐंशी," काटेकरांनी समजावून सांगितलं.

मगरेसाहेबांनी खोक्याकडे पाहिलं आणि ते हळूच दोन हात लांब सरकले. मग त्यांनी खोक्यावर 'युद्धसाहित्य' असा शिक्का मारला. आत काय आहे ते बघायचा प्रश्नच नव्हता. युद्धसाहित्याचं खोकं उघडायचं नाही, असा नियमच होता. उघडलं तर गुप्तता कुठे राहते?

नाक्याच्या छपरावर एक टिटवी बसली होती. टिटवीच्या कानावर गोष्ट पडली की ती गोष्ट संपली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती ओरडत उडाली: "काटेकरांचं इंजिन! एकास सत्त्याऐंशी! त्यांचं एक आणि तुमचे सत्त्याऐंशी!"

खिंडीतले दगड हवेतल्या हवेत थांबले, असं म्हणणं जरा जास्त होईल. पण खाली पडल्यावर पुन्हा कुणी उचलले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी वानरांचे सेनापती काळतोंडे काटेकरांच्या पुढच्या दाराशी आले. माकडांचे सेनापती तांबडे मागच्या दाराशी आले. साळिंदराच्या बिळाला दोन तोंडं असतात, म्हणून बरं. द्वारकाबाईंनी एकाला पुढे बसवलं, एकाला मागे बसवलं आणि दोघांनाही चहा दिला. मधल्या, म्हणजे घाटाच्या खोलीचं दार लावलेलं होतं, कारण आत रंग ओला होता. काटेकर त्या दाराशी उभे राहिले. एकदा इकडच्याला उत्तर द्यायचे आणि एकदा तिकडच्याला.

"काटेकरसाहेब," काळतोंडे म्हणाले, "तुमची गाडी डोंगर चढेल?"

"न चढायला काय झालं? डोंगर मीच केलाय."

काळतोंडे मागे सरकून बसले. "डोंगर... केलाय?"

"मागच्या उन्हाळ्यात. त्याआधीचा मला आवडला नव्हता, म्हणून मोडून टाकला."

मागच्या दाराकडून तांबड्यांचा बारीक आवाज आला. "आणि साहेब, आमची नदी मध्ये येते, तिचं कसं?"

"नदी परत केलीय, ती सुकते आहे अजून," काटेकर म्हणाले. "ती पूर्ण सुकली की वरून आणखी एक थर देणार."

तांबड्यांनी चहा खाली ठेवला.

"सैनिक किती आहेत आपल्याकडे?" काळतोंड्यांनी अगदी अदबीने विचारलं.

"सैनिक नाहीत. उतारू आहेत, बावीस. दोन वर्षं झाली, एकाच जागी उभे आहेत. जागचे हललेले नाहीत."

"ऊन, पाऊस, काही झालं तरी?"

"मीच चिकटवलेत ना त्यांना."

काळतोंड्यांच्या डोळ्यांपुढे आपलं सैन्य आलं. ते दोन मिनिटंसुद्धा एका फांदीवर बसत नसे. ते उठले. तिकडे तांबडेही उठले. दोघेही घाबरून चुकीच्या दाराकडे पळाले आणि बिळाच्या मधोमध एकमेकांवर आदळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना इतक्या जवळून पाहिलं. दोघांचे चेहरे सारखेच पांढरे पडले होते, त्यामुळे कोण काळतोंडे आणि कोण तांबडे ते क्षणभर कळेना.

तहाच्या अटी तिथेच ठरल्या. सावली दोघांनी वाटून घ्यावी. खिंड मोकळी करावी. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे काटेकरांचं इंजिन नाक्यावरून हलू नये. त्यावर दोन्ही सैन्यांचा पहारा राहील.

आणि काय सांगू मुलांनो, जंगलात शांतता झाली! तराफे धडाधड येऊ लागले. पाठकांना त्यांचा सिग्नल मिळाला. घोरपडीच्या दुकानात डिंक आला आणि परिस्थिती गेली. गवताची पाकिटं तर इतकी आली की मंडळाचे लोक दिवसभर हुंगत बसले. सगळ्यांचं सगळं आलं. एकट्या काटेकरांचं आलं नाही.

ते रोज नाक्यावर जायचे आणि खोक्याकडे पाहत बसायचे. आत हिरवं इंजिन आहे, पितळी घंटा आहे, आणि एका शब्दाने ते सुटेल. पण तो शब्द उच्चारायचा कसा? उच्चारला तर मंडळात तोंड दाखवायला जागा नाही. शिवाय इंजिन लहान आहे हे कळलं तर दगड पुन्हा सुरू होणार. काटेकर वाळू लागले. त्यांचे काटेसुद्धा सैल झाले आणि घरभर पडू लागले. द्वारकाबाई ते वेचायच्या आणि मनातल्या मनात त्या इंजिनाला नावं ठेवायच्या.

अशात जंगलाने काटेकरांचा सत्कार ठरवला. 'शांतिदूत' म्हणून. जांभळीखाली व्यासपीठ घातलं. शेजारी दोन्ही सेनापती बसले, मगरेसाहेब बसले, पाठक बसले. शाल पांघरली ती काट्यांत अडकली आणि तिची चाळण झाली. श्रीफळ दिलं ते पाठीवर पडून तिथेच रुतून बसलं. मग भाषणं झाली. प्रत्येक वक्ता म्हणाला की हे इंजिन असंच नाक्यावर राहो, आचंद्रसूर्य राहो.

आचंद्रसूर्य म्हटल्यावर काटेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

समोर बसलेल्या द्वारकाबाईंना ते बघवेना. त्या उठून ओरडल्या, "अहो, सांगून टाका की एकदाचं! मंडळ गेलं खड्ड्यात!"

आणि काटेकर ओरडले. "खेळणं आहे हो ते! खेळणं आहे! माझं खेळणं मला द्या!"

पाठकअध्यक्षांनी मान, हातपाय, सगळं आत ओढून घेतलं. आता दगड येणार म्हणून काटेकरांनी डोळे मिटून घेतले.

दगड आले नाहीत. काळतोंडे तांबड्यांच्या कानाला लागले.

"ऐकलंत? एकास सत्त्याऐंशी, आणि ते ह्यांचं खेळणं!"

"मग खरं केवढं असेल हो?" तांबडे म्हणाले आणि दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले.

शांतता होती त्याच्या दुप्पट झाली. काटेकरांना हे काही कळलं नाही. ते मगरेसाहेबांकडे धावले. "म्हटलं मी! आता द्या."

"म्हटलंत, ठीक," मगरेसाहेब म्हणाले. "पण ही युद्धसाहित्याची खिडकी. खेळण्यांची खिडकी शेजारची. तिथेही मीच बसतो, दुपारनंतर. आधी हा शिक्का पुसायला हवा आणि त्याला दोन्ही सेनापतींची संमती हवी. ती शांतता असेपर्यंतच चालते."

सेनापतींची संमती यायला सबंध पावसाळा गेला, कारण सेनापती गडबडीत होते. काटेकर नुसत्या खेळण्याच्या जोरावर एवढे भारी पडतात, तर आपल्याकडे निदान खेळणं तरी हवं, असं दोघांनाही वाटलं होतं. दोघांनी गुपचूप एकेक इंजिन मागवलं. ते आलं. त्यांनी ते छावणीत उघडलं.

आतून निघालं बोटाएवढं इंजिन.

आपण फसलो, हे कुठल्याही सेनापतीला सैन्यासमोर म्हणता येत नाही. काळतोंडे म्हणाले, "बरोबर आहे. अगदी असंच हवं होतं." तिकडे तांबडेही तेच म्हणाले. मग रूळ मांडले. इंजिन गोल फिरू लागलं. नीट दिसेना म्हणून काळतोंडे पोटावर पालथे झाले, एक डोळा मिटला आणि दुसरा रुळांच्या पातळीवर आणला. आणि मुलांनो, इंजिन मोठं झालं! खरंखुरं, घंटा वाजवत, अंगावर येणारं इंजिन झालं. काळतोंडे "हुप्प" असं ओरडले. ती युद्धाची आरोळी नव्हती. तो आनंद होता. मला विचाराल तर जगात याहून स्वच्छ आनंद फारसा नाही.

मग काय विचारता! वानरांमध्ये प्रत्येकाला इंजिन हवं झालं आणि माकडांमध्ये दोन-दोन हवी झाली. दोन्ही सैन्यं दिवसभर पोटावर पडून असायची. पाणमांजरांची बोटं चाकं घासून झिजली. घोरपडीने डिंकासाठी बाभळीचं अख्खं बन विकत घेतलं, तरी डिंक पुरेना. युद्धात सामान उशिरा यायचं. शांततेत ते येताक्षणी संपू लागलं. आणि मंडळाचे लोक कानांत बोळे घालून फिरू लागले, कारण जो तो भर रस्त्यात बेधडक म्हणायचा, "माझं खेळणं आलं का हो?"

शेवटी काटेकरांना संमती मिळाली. ते पहाटेच नाक्यावर गेले. द्वारकाबाईंनी वाटेत खायला कंद बांधून दिले होते.

खेळण्यांच्या खिडकीपुढे रांग होती. केवढी रांग म्हणून सांगू? पुढे सगळी वानरसेना होती, मग सगळी माकडसेना होती आणि शेवटी काटेकर होते. आत मगरेसाहेबांच्या रिकाम्या जागेमागे फळीवर त्यांचं खोकं लांबूनही ओळखू येत होतं. काटेकर टाचा उंचावून त्याच्याकडे बघत राहिले. कंद खाल्ले. रांग हलेना.

दुपारी मगरेसाहेब खिडकीत येऊन बसले, तेव्हा तांबडे म्हणाले, "रांग या आमच्याजवळच्या झाडापासून सुरू होते. म्हणजे आम्ही पहिले."

काळतोंडे म्हणाले, "रांग खिडकीपासून सुरू होते. कुठल्याही जंगलात विचारा."

"तुमच्या इंजिनाचा हिरवा रंगच मुळी चुकीचा आहे!"

"काय म्हणालात?"

पहिला दगड कुणी मारला ते सांगता येत नाही. पण बघता बघता रांगेची दोन सैन्यं झाली, अर्धी इकडे गेली, अर्धी तिकडे गेली, आणि मधला रस्ता थेट खिडकीपर्यंत मोकळा झाला.

काटेकरांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. ते शांतिदूत होते. मध्ये उभं राहून ते दोन शब्द बोलले असते, तर कोण जाणे, दोघांनी ऐकलंही असतं. पण खोकं समोर दिसत होतं. काटेकर दगड चुकवत, लांब शेपट्या ओलांडत, मुकाट्याने पुढे सरकले. त्यांना मनातून फार बरंही वाटत होतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ते खिडकीशी पोहोचले. संमतीचा कागद आत सरकवला. हात पुढे केले.

"घ्या, मगरेसाहेब! खेळणं आहे! खेळणं, खेळणं, खेळणं!"

मगरेसाहेबांनी कागद नीट पाहिला. सगळं बरोबर होतं. त्यांनी खोकं फळीवरून काढलं, काटेकरांच्या हाताशी आणलं आणि मग बाहेर पाहिलं.

"अरेरे," ते म्हणाले. "युद्ध सुरू झालं वाटतं."

आणि त्यांनी खिडकी बंद केली.

*

तात्पर्य: मुलांनो, शांततेसारखं दुसरं सुख नाही. ती सर्वांनी प्राणपणाने जपावी. निदान आपला नंबर लागेपर्यंत.